पंखा बंद असतानाची नजर

“मीट गं डोळे, उघड कान, सांग पोरी, कुठं हललं पान?”

हा आत्याचा आवाज. गाणं म्हणावं तर गाणं, नाहीतर दोन ओळींचा खेळ. दुपारी घरातली मोठी माणसं आडवी झाली की आत्या भाचीला खोलीच्या मधोमध बसवायची, डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाऊन कागद चुरगाळायची. भाचीनं बोट दाखवायचं. चुकलं की आत्या हसायची, बरोबर आलं की त्याहून जास्त हसायची. त्या हसण्याला आता पस्तीस वर्षं झाली. तरी कधी एखाद्याच्या डोळ्यावर पट्टी चढवताना भाचीच्या कानात ती ओळ उगाचच वाजून जाई, आणि कामाच्या गडबडीत विरूनही जाई.

भाचीला आता सगळे ठिपकेबाई म्हणत. नाव रुग्णांनी पाडलेलं. डोळ्यांच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या अंगाला एक बिनखिडकीची खोली होती, आणि तिथं ती सोळा वर्षं माणसांना ठिपके दाखवत आली होती. मशीन म्हणजे आडवं धरलेलं भलंमोठं पांढरं घमेलं. माणसानं त्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा पट्टीआड ठेवायचा आणि दुसऱ्यानं मधल्या पिवळ्या दिव्याकडे टक लावून बघायचं. मग कधी वर, कधी खाली, कधी अगदी कडेला उजेडाचा ठिपका उमटतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मान वळवायची नाही, ठिपका शोधायचा नाही. शेवटी कागद निघतो, त्यावर नजरेचा नकाशा. दिसलं तिथं पांढरं, नाही दिसलं तिथं काळं.

गेल्या वर्षापासून त्या खोलीत एका नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. आजार डोळ्याच्या मागच्या पडद्याचा. त्यात आधी कडेची नजर जाते. समोरचं माणूस स्वच्छ दिसतं, त्याच्या शेजारचं दिसत नाही, जणू नळीतून जग बघावं तसं. चाळीस माणसं घेतली होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. कुणाच्या वाट्याला कुठली आली हे गिळणाऱ्याला ठाऊक नव्हतं, ठिपकेबाईला नव्हतं आणि अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही नव्हतं. दर अडीच-तीन महिन्यांनी प्रत्येकानं यायचं. आधी नजरेचा नकाशा, मग डोक्यावर तारांची टोपी घालून पडद्यावरचे काळे-पांढरे चौकोन बघायचे, म्हणजे डोळ्यानं धाडलेला निरोप मेंदूपर्यंत किती पोचतो त्याची लाट कागदावर उमटे. शेवटी प्रश्न. झोप कशी आहे, भूक कशी आहे, चक्कर येते का.

त्या चाळिसांत एक मिस्त्री होते. हयातभर शिलाईची मशीनं दुरुस्त केलेला माणूस. बोटं अजून तेलकट असल्यासारखी एकमेकांवर घासायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी ठिपकेबाईला विचारलं होतं, “ताई, या तुमच्या यंत्राला तेल कधी घातलं होतं?”

“याला तेल नसतं घालायचं, मिस्त्री.”

“नसेल. पण डावीकडे वळताना कण्हतंय बिचारं.”

ती हसली होती. तिला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

आज मिस्त्रींची पाचवी खेप. लेक त्यांना दारापर्यंत सोडायला आली होती, खांद्याला दोन पिशव्या, हातात गाडीची किल्ली.

“ताई, बाबांना दुपारी घ्यायला येते. आणि तुमचे आभार मानायचे राहिलेत हं.”

“माझे कशाला?”

“मागच्या नकाशात सुधारणा आहे म्हणाल्या ना मोठ्या डॉक्टर. त्याआधी यांना मी घराबाहेर एकटं सोडत नव्हते. आता माझ्या चिमणीला शाळेत नेणं-आणणं यांच्याकडेच दिलंय. तो मोठा रस्ता ओलांडून जावं लागतं, पण जातात हो दोघं हातात हात घालून. महिना झाला. यांचा चेहराच बदललाय.”

“दहा वर्षांनी तरुण झालोय,” मिस्त्री म्हणाले. “चिमणी म्हणते, आजोबा, तुम्ही माझ्या वर्गात बसा आता.”

“बसवतील का ते? बाई शिकवत असताना तुम्ही बाकाचे खिळे ठोकत बसाल.” लेक वडिलांच्या खांद्यावर थाप मारून पायऱ्या उतरून गेली.

खोलीत उन्हाळा दाटला होता. ठिपकेबाईनं कोपऱ्यातला उभा पंखा लावला. जुना पंखा, वारा कमी आणि घरघर फार. मिस्त्रींनी हनुवटी टेकवली, बटण हातात घेतलं. मशीन सुरू झालं. दहा-बारा ठिपके गेले, बोट हललं नाही.

“ताई,” मिस्त्री घमेल्याच्या आतूनच बोलले, “पंखा बंद करा ना. दिसत नाही मला.”

“एवढ्या उकाड्यात? वारा लागतोय का डोळ्याला?”

“वारा कुठला. पण बंद करा.”

तिनं पंखा बंद केला आणि चाचणी पहिल्यापासून घेतली. मिस्त्रींचा शर्ट पाठीला चिकटला, पण बोट कसं, शिलाईच्या सुईसारखं चाललं. कागद निघाला तो आजवरचा सगळ्यात पांढरा. मशीनची स्वतःची एक युक्ती असते. मधूनच ते नुसतं वळतं आणि ठिपका टाकतच नाही, सवयीनं बटण दाबणारा सापडावा म्हणून. त्या सापळ्यातही मिस्त्री एकदासुद्धा सापडले नव्हते.

मग तारांची टोपी. लाट मात्र होती तशीच निघाली, पहिल्या दिवशीसारखी बुटकी, दमलेली.

दोन्ही कागद घेऊन ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. मोठ्या डॉक्टर म्हणजे उंचीनं लहानशी बाई. टेबलामागे बसली की कागदांच्या ढिगाआड फक्त चष्मा दिसे. नकाशा बघून चष्मा उजळला.

“वा! चौथ्या खेपेपेक्षाही बरा.”

“आणि लाट?”

“लाटेला वेळ लागत असेल. डोळा पुढे गेला, मेंदू मागून येईल.”

“म्हणजे त्यांना दिसतंय, पण त्यांच्या मेंदूला अजून कळलेलं नाही?” ठिपकेबाई तिथंच उभी राहिली. “मग बटण कोण दाबतं, डॉक्टर?”

“बोट!” डॉक्टर हसल्या. पण हसता हसता त्यांनी तो कागद पुन्हा हातात घेतला, आणि या वेळी हसू जरा लवकर संपलं.

चहाच्या वेळी ठिपकेबाईच्या हातातला कप निवत गेला. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी नव्या चपलेची चर्चा चालली होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं. पंखा बंद करा, दिसत नाही मला. वारा लागत नाही म्हणतात. मग पंख्याचा आणि डोळ्याचा संबंध काय? गाणं बंद करा, जेवताना चव लागत नाही, असं कुणी म्हणावं तसं झालं हे.

ती तशीच उठली. मिस्त्रींची फाइल काढली, पाच खेपांच्या तारखा बोटानं मोजल्या. पहिली खेप ऐन उन्हाळ्यात, नकाशा काळाकुट्ट. दुसरी खेप पावसाळ्याच्या दमट दिवसांतली, जवळजवळ तशीच. तिसरी आणि चौथी थंडीतल्या, नकाशा उजळलेला. आणि आजची पाचवी पुन्हा उन्हाळ्यातली. थंडीत पंखा कोण लावतो? फॉर्मात रुग्णाचं वजन होतं, रक्तदाब होता, शेवटचा चहा किती वाजता घेतला तेही होतं. पंख्याला रकाना नव्हता. सोळा वर्षांत तिला कधी वाटलंच नव्हतं की असावा.

बिनखिडकीच्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मशीनच्या या बाजूला, स्टुलावर, ती स्वतः बसली. चाचणी सुरू केली, हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

आधी काहीच नाही. आपल्याच श्वासाची ये-जा. मग आत्याची ओळ आली, अगदी कानाशी तोंड आणून म्हटल्यासारखी, आणि ओळीच्या मागोमाग अंधारात काहीतरी हललं. बारीकशी घर्र. आतला आरसा वळत होता. डावीकडे वळताना लांबट आणि कण्हल्यासारखी, पहिल्या दिवशी पंखा लावायच्या आधी मिस्त्रींनी ऐकली होती तशीच; उजवीकडे आखूड. आणि घर्र थांबली की एक टक्. पापणी लवावी एवढाच आवाज, ठिपक्यासमोरचं पातं उघडल्याचा. घर्र, टक्. घर्र, टक्. मधेच एकदा नुसतीच घर्र झाली आणि टक् आलंच नाही. तोच तो सापळा! सोळा वर्षं रोज सात तास हे मशीन तिच्याशी बोलत होतं आणि ती ढिम्म होती.

“मिस्त्री,” ती रिकाम्या खोलीत म्हणाली, “कान आहेत की काय आहे तुम्हाला!”

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पेन खाली ठेवलं. मग चष्मा काढला, तो पुसायचा राहून गेला.

“म्हणजे माणूस चाचणीत लबाडी करतोय?”

“तेच कळत नाहीये. लबाड माणसाच्या ओठांवर ‘पंखा बंद करा, ऐकू येत नाही’ असं आलं असतं, तरी त्यानं ते गिळलं असतं. हे म्हणाले, दिसत नाही. सरळ. लहान मूल बोलेल तसं.”

डॉक्टर उभ्या राहिल्या. आता त्यांच्याही डोळ्यांत ती चमक होती, खेळ मांडलेला बघितल्यावर पोरांच्या डोळ्यांत येते ती. “आजची रीतसर चाचणी झाली आहे. आता जे करू ते वेगळ्या कागदावर, त्यांना विचारून. नाही म्हणाले तर नाही. आणि झालं की त्यांना सगळं खरंखरं सांगायचं. मी येते.”

मिस्त्री बाकावर बसून इस्पितळाच्या दाराची बिजागरी न्याहाळत होते. अभ्यासाबाहेरची आणखी एक छोटी चाचणी करायची का, असं विचारल्यावर म्हणाले, “करा की. लेक यायला अवकाश आहे. आणि या बिजागरीपेक्षा तुम्ही बऱ्या.”

आधी पंखा लावून घेतली. नकाशा काळा. पहिल्या खेपेला होता त्याच्यावर ठेवला असता तर तंतोतंत बसला असता.

“यंत्र आळशी झालंय आज,” मिस्त्री म्हणाले.

मग ठिपकेबाईनं पंखा बंद केला. मशीनच्या मागचं झाकण उघडून ठिपक्याच्या दिव्यासमोर काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि झाकण लावलं. आता घमेल्यात कुठंही, कितीही वेळ बघितलं तरी ठिपका दिसणं शक्य नव्हतं. तिनं आणि डॉक्टरांनी आळीपाळीनं आत डोकावून खात्री केली. मग मिस्त्रींना बसवलं.

घर्र, टक्. बोट दाबलं गेलं.

घर्र, टक्. पुन्हा.

नुसती घर्र. बोट गप्प.

तीस ठिपक्यांपैकी बावीसांना त्यांनी बटण दाबलं. डॉक्टर भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, त्यांचा श्वास ठिपकेबाईला ऐकू येत होता. आज तिला सगळंच ऐकू येत होतं.

“मिस्त्री, आत्ताचा दिसला?”

“दिसला.”

“कुठं होता?”

“वर. डाव्या हाताला.” बोट हवेत गेलं ते आरसा वळला होता त्याच बाजूला. “फिकट होता. पण होता.”

“कसा फिकट?”

“म्हणजे... दिवा मालवल्यावर डोळ्यात राहतो ना, तसा. पण होता हो ताई. शपथ घेऊ का?”

“नको, नको.”

तिनं दिवे लावले. झाकण उघडून पुठ्ठा काढला आणि त्यांच्या हातात दिला. काय केलं ते सांगितलं, काहीही न लपवता. मिस्त्रींनी पुठ्ठा उलटसुलट केला, बोटांत धरून त्याची जाडी बघितली, उजेडाकडे धरून बघितला. कुठं भोक नव्हतं.

“मी लबाडी नाही केली,” ते म्हणाले.

“माहीत आहे आम्हाला.”

“कधी कधी वाटायचं खरं, की ठिपका यायच्या आधीच बोट उठतंय. पण दिसायचा तो. मग...” त्यांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला. “मग मला काय दिसलं?”

डॉक्टर त्यांच्या समोर, पाय ठेवायच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण आता मिस्त्रींपेक्षा खाली. “तेच मला आज रात्रभर झोपू देणार नाही. कानानं सांगितलं की आता इथं उजेड येणार. डोळ्याकडून निरोप आलाच नाही. तेव्हा मेंदूनं स्वतःच छोटासा दिवा लावून दिला असावा. असावा म्हणतेय. मला नक्की माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून तुम्हाला आणखी चार वेळा बोलवावंसं वाटतंय.”

“बोलवा. पण मग गोळी? गोळीनं काय केलं?”

“ते, वर्ष संपल्यावर कुणाला कुठली गोळी ते लिहिलेली बंद पाकिटं उघडतील, तेव्हा कळेल. चाळीसही जणांचे नकाशे पंखा बंद ठेवून, कानात बोळे घालून पुन्हा घ्यावे लागतील बहुतेक. तुमच्यामुळे सगळ्यांचं काम वाढलं.” त्या हसल्या, मग हसू आवरलं. “पण मिस्त्री, तुमच्या कागदावर सुधारणा असं मला आता लिहिता येणार नाही. मागच्या वेळी बोलले, तेही घाईनं बोलले. चूक माझी.”

मिस्त्रींची बोटं एकमेकांवर घासू लागली.

“लेकीला सांगणार?”

“आम्ही नाही,” ठिपकेबाई म्हणाली. “कागद तुमचा. तुमच्याशिवाय कुणाला सांगायचा आम्हाला हक्क नाही.”

“मग नकाच सांगू. चालतंय की सगळं. चिमणी शाळेत जातेय, येतेय. वाटेत मला पाढे म्हणून दाखवते. सात सत्ते अडतीस म्हणते अजून, मी ओरडत नाही.” ते थांबले. “ते गेलं तर मी दिवसभर काय, खुर्चीत बसून फरश्या मोजू?”

ठिपकेबाईला त्यांचं पटलं. पण आज सकाळपासून तिच्यात जो प्रश्न जागा झाला होता तो गप्प बसेना. तो मिस्त्रींना कोंडीत पकडायला आलेला नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“मिस्त्री, एक विचारू? तुम्ही रस्ता ओलांडता तेव्हा कडेनं येणारी गाडी तुम्हाला दिसते कशी?”

“दिसते की. ट्रक असेल तर लांबूनच. मोटरसायकल जरा बारीक. रिकामी बस वेगळी आणि भरलेली वेगळी...”

ते बोलता बोलता अडखळले. भरलेली बस आणि रिकामी बस डोळ्याला सारखीच दिसते हे त्यांच्याच लक्षात आलं असावं.

“आणि त्या नव्या, बॅटरीवरच्या?” तिनं हळूच विचारलं. “त्यांना तर आवाजच नसतो.”

मिस्त्रींचा उजवा हात डाव्या बाहीवर गेला आणि कोपराच्या जरा वर, बाहीला नव्यानं घातलेल्या शिवणीवरून अंगठा फिरत राहिला. शिवण सुबक होती. स्वतःच घातलेली असणार. डॉक्टरांनी ठिपकेबाईकडे बघितलं, ठिपकेबाईनं जमिनीकडे.

जिन्यात लेकीची पावलं वाजली. तीही आधी मिस्त्रींनाच कळली, मान तिकडे वळली. लेक दारात आली, घामाघूम, हसरी, एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात चिमणीची पाण्याची बाटली.

“झालं का बाबा? उशीर झाला, गाडी लावायला जागाच मिळेना. चिमणीला मैत्रिणीकडे बसवून आलेय. म्हणते, उद्या आजोबांना सांग, पाच मिनिटं लवकर निघायचं, तिला पहिल्या बाकावर बसायचंय.” मग तिची नजर बाबांच्या मांडीवरच्या काळ्या पुठ्ठ्यावर गेली. “काय झालं? नकाशा कसा आला, डॉक्टर?”

डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. “तो तुमचे बाबा सांगतील. त्यांची इच्छा असली तर.”

“बाबा?”

मिस्त्रींनी मांडीवरचा काळा पुठ्ठा ठिपकेबाईच्या हातात परत दिला. शर्टाची बटणं चाचपली, वरचं उघडं होतं ते लावलं, जणू बाहेर कुठं जायचं होतं.

“बस जरा.”

“नको, उभी आहे मी. काय झालं सांगा ना.”

“बस म्हणतोय ना माझे आई.”

लेक डॉक्टरांनी रिकाम्या केलेल्या स्टुलावर बसली. मिस्त्रींनी तिला समोर, नळीच्या त्या स्वच्छ भागात आणण्यासाठी मान जराशी वळवली आणि तिच्या चेहऱ्यावर नजर रोवून ते बोलू लागले.

“उद्यापासून चिमणीला शाळेत तू सोड. मी येईन बरोबर, पाढे ऐकायला, पण हात तू धरायचा. नकाशा बरा नाही आलाय, बाळ. बरा कधी आलाच नव्हता. कडेची गाडी मला दिसत नाही, ऐकू येते. मला वाटायचं दिसते.” ते क्षणभर थांबले, बाहीवरचा अंगठा थांबला. “आणि गेल्या बुधवारी एक बिनआवाजाची आली. माझ्या बाहीला घासून गेली. चिमणीनं ओढलं मला, मी नाही तिला ओढलं. घरी आल्यावर मीच तिला म्हटलं, आईला बोलू नकोस. आठ दिवस ते लेकरू माझ्यासाठी गप्प बसलंय.”